कॉम्प्युटर, एआय, बीसीए की डिप्लोमा? अंबाजोगाईतून पसंतीक्रम भरण्याआधी हे तपासा

बारावीचा निकाल आणि सीईटीचे पर्सेंटाइल हातात आले की अंबाजोगाईत घरोघरी एकच चर्चा रंगते: पुण्याला जायचं का? मेडिकलची सवय या गावाला जुनी आहे. स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय गावातच, नीटच्या क्लासेससाठी लातूर जवळ. त्यामुळे तिथली निवड कशी करायची, हे पालकांना बऱ्यापैकी कळतं. कॉम्प्युटर आणि इंजिनिअरिंगमध्ये मात्र निवड होते ती नावावरून. ‘एआय’ असेल तर छान, ‘पुणे’ असेल तर अजून छान.

पण नाव हल्ली स्वस्त झालंय. 2024-25 पासून एआयसीटीईने चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी एका शाखेतल्या जागांची कमाल मर्यादा काढून टाकली. मागणी कॉम्प्युटरला, त्यामुळे जागाही तिथेच वाढल्या. वर्गात मुलं वाढवणं सोपं असतं. तेवढ्या मुलांना पुरेल अशी लॅब आणि शिकवणारी माणसं उभी करायला वेळ लागतो.

आणि चुकीच्या क्रमाने भरलेला फॉर्म आता महागात पडतो. 2025-26 मध्ये प्रवेशाच्या फेऱ्या चार झाल्या आणि नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी काही मिळालं तरी तेच, आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. ‘आधी टाकून ठेवू, नंतर बघू’ हा जुना हिशेब इथे चालत नाही. नियम बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचाच. पण चौकशी फॉर्म भरण्याआधी करायची, हे पक्कं.

मग बघायचं काय? अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडा. प्रत्येक विषयासमोर एल, टी, पी असे तीन रकाने असतात: आठवड्याला लेक्चरचे तास, ट्युटोरियलचे तास, प्रॅक्टिकलचे तास. इथे एक गोम आहे. लेक्चरच्या एका तासाला एक क्रेडिट मिळतं, पण प्रॅक्टिकलच्या दोन तासांना मिळून एक. म्हणजे नुसते क्रेडिट मोजले तर प्रत्यक्ष काम आहे त्यापेक्षा निम्मं दिसतं. म्हणून ‘पी’चे तास मोजा. ‘एआय अँड डेटा सायन्स’ आणि साध्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचे तक्ते शेजारी ठेवून बघा. बरेच विषय सारखेच निघतात. नाव चमकदार आहे म्हणून लांबच्या शहरात खोलीभाडं भरायचं का, हे त्यानंतर ठरवा.

कागदावरचे तास प्रत्यक्षात होतात का, हे मात्र पीडीएफ सांगत नाही. त्यासाठी कॉलेजात जायला लागतं, आणि प्रवेश विभागात नाही, लॅबमध्ये. एका मशीनवर किती जण बसतात? कॉलेज सुटल्यावर लॅब उघडी असते का? शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मुलांनी स्वतः केलाय की बाजारातून विकत आणलाय? (विकत मिळतात, हे सगळ्यांना माहीत आहे.) हे सरांना नाही, तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलामुलींना विचारा. शाखेला एनबीएचं मानांकन आहे का, ते एनबीएच्या वेबसाइटवर दिसतं. मानांकन संपूर्ण कॉलेजला नसतं, एकेका शाखेला असतं, हे जाहिरातीत सहसा सांगत नाहीत.

अंबाजोगाईत एमबीईएस अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. ते लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहे. पुण्यातल्या नव्याकोऱ्या शाखेला जे प्रश्न विचारायचे, तेच इथेही विचारा. घराजवळचं म्हणून सवलत नको आणि गावातलं म्हणून नाक मुरडणंही नको. उलट घरून जाता येत असेल, तर वाचलेल्या पैशात चांगला लॅपटॉप येतो, आणि हाताने शिकायचं असेल तर त्याचा उपयोग रोज होतो.

डिप्लोमाला ‘मार्क कमी पडले म्हणून’ समजणं मला तरी पटत नाही. दहावीनंतर तीन वर्षं, वर्कशॉप आणि लॅब पहिल्या वर्षापासून, आणि पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. ज्याला वस्तू उघडून बघायची खोड आहे, त्याच्यासाठी हा रस्ता बारावीच्या पाठांतरापेक्षा बरा. बीसीए 2024-25 पासून एआयसीटीईच्या कक्षेत आलंय आणि त्यासाठी वेगळी सीईटी असते. ती इंजिनिअरिंगच्या सीईटीत धरली जात नाही, त्यामुळे अर्जाची तारीख चुकवू नका.

मुलींसाठी आणखी एक हिशेब. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण माफ करतं. पण प्रवेश सरकारी फेऱ्यांतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्याला ही माफी नाही. उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदपत्रं ऐन गर्दीत मिळवणं म्हणजे तहसीलच्या आणि सेतू केंद्राच्या चकरा. ते काम निकालाची वाट न बघता उरकून घ्या.

आणि कॉम्प्युटर सोडून दुसरं काही? अंबाजोगाईहून वीस-पंचवीस किलोमीटरवर परळीचं औष्णिक विद्युत केंद्र आहे. 2015 च्या दुष्काळात पाण्याअभावी ते बंद पडलं होतं. पाणी, वीज, यंत्रं यांचा असा गुंता दाराशी असताना पसंतीक्रमात इलेक्ट्रिकल एकदाही न लिहिणारी मुलं इथे भरपूर सापडतील. फॉर्म भरण्याआधी त्या शाखेचा ‘पी’चा रकानाही एकदा उघडून बघा.