मुदत टळल्यावर काय?

साध्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या पायऱ्या किती वेळा झिजवाव्या लागतात, हे लोणार-संग्रामपूरच्या शेतकऱ्याला विचारावे. वस्तुतः महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावर अर्ज करताच क्रमांक मिळतो आणि सेवेची मुदतही तेथेच वाचता येते. ती टळली, तर ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. दोषी अधिकाऱ्यास ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. परंतु अपील करणार कोण? उद्या पुन्हा त्याच साहेबांपुढे उभे राहायचे, ही धास्ती संगणकाने जात नाही. बुलढाणा जिल्ह्यातील शिकलेल्या तरुणांनी अशा वेळी शेजाऱ्याच्या बाजूला बसून अपील लिहून द्यावे. संकेतस्थळ मराठीतही आहे.