जुन्या मोटारीचा पूर्ण विमा

आमच्या मोटारीला यंदां अकरा वर्षें झालीं. विम्याची मुदत संपत येतांच चिरंजीव म्हणाले, "नाना, आतां पूर्ण विमा कशाला?"

प्रश्न रास्त होता. परक्याच्या नुकसानीचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीचा ऐच्छिक. पांच वर्षांनंतर गाडीची विम्यापुरती किंमत कंपनी व मालक यांनीं आपसांत ठरवावयाची असते. आमची ठरली सव्वा लाख. तीपायीं हप्ता चार हजारांनीं वाढतो. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, कीं गाडी पूर्ण नष्ट समजतात. रबर-प्लॅस्टिकच्या भागांचे तर निम्मेच पैसे हातीं पडतात.

चिरंजीवांचा हिशेब मला पटूं लागला होता, पण स्वयंपाकघरांतून प्रश्न आला, "गाडी वाहून गेली, तर दुसरीला पैसे आहेत का?" २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि आमची गल्ली सखल. शिवाय मातोश्रींना आठवड्यांतून दोनदां डायलिसिसला न्यावें लागतें, तें याच गाडीनें.

चिरंजीव गप्प झाले. (मीही!) यंदांचा पूर्ण विमा भरला. दरमहा दोन हजार वेगळे ठेवावयाचे, आणि ती रक्कम पुरेशी वाढली कीं प्रश्न पुन्हां काढावयाचा, असें ठरलें आहे.