कान आपोआप शिकतो, डोळ्याला शाळा लागते

“एवढ्याशा मुलाच्या डोक्यावर किती भाषांचे ओझे घालायचे?” हा प्रश्न आपल्या गोव्यात माध्यमाच्या प्रत्येक वादात ऐकू येतो. १९९० साली प्राथमिक शाळांचे अनुदान प्रादेशिक भाषांच्या माध्यमाशी जोडले गेले तेव्हा तो विचारला गेला. २०११ साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचे ठरले तेव्हा पुन्हा विचारला गेला. २०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी आणण्याचा निर्णय काढला आणि जूनअखेर मागे घेतला, त्या अडीच महिन्यांतही हाच प्रश्न गाजला. गंमत अशी की बाजू कोणतीही असो, साक्षीला बोलावतात तो मुलाच्या मेंदूला. पण त्याची साक्ष कुणी पुरती ऐकून घेत नाही. ती ऐकायला सुरतेसारखे दुसरे गाव नाही, असे माझे मत आहे.

सुरत म्हटले की आपल्याला शिवाजी महाराजांची १६६४ ची आणि १६७० ची स्वारी आठवते. आजच्या सुरतेत मराठी माणूस पोटासाठी येतो. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत हिंडताना आपण गुजरातेत आहोत हे दुकानांच्या पाट्या पाहिल्यावरच लक्षात येते. धुळे, नंदुरबार, जळगाव जिल्ह्यांतली माणसे भुसावळ-सुरत रेल्वेने येत गेली आणि कापडाच्या धंद्यात स्थिरावली. इथल्या यंत्रमागांवर ओरिसाच्या गंजाम जिल्ह्यातले कामगार आहेत, आंध्र-तेलंगणातले विणकर आहेत, उत्तर प्रदेश-बिहारचे लोक तर आहेतच. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू, इंग्रजी अशा माध्यमांतून चालतात. एका नगरपालिकेच्या कारभारात एवढ्या भाषांची हजेरी घेतली जाते, हे आपण गोवेकरांनी जरा थांबून पाहावे असे आहे.

माझी एक भाची लग्न होऊन सुरतेला गेली. सासरचे लोक मूळचे अमळनेरकडचे. त्यामुळे माझे तिकडे जाणेयेणे असते. तिच्या मुलाला दिवसभरात एकच प्रश्न किती तऱ्हांनी विचारला जातो ते ऐकण्यासारखे आहे. आजी विचारते, “काय करी ऱ्हायना रे?” आई विचारते, “किदें करता रे?” वडील मराठीत विचारतात. शेजारची बेन “शुं करे छे?” म्हणते, आणि ती अस्सल सुरती असली तर त्या ‘शुं’चेही ‘हुं’ होते. रिक्षावाला हिंदीत विचारतो. मुलगा प्रत्येकाला त्याच्याच भाषेत उत्तर देऊन खेळायला पळतो. आणि अशा या मुलाच्या आईला शाळेतून सल्ला मिळाला की, घरी एकच भाषा बोला, नाहीतर तो गोंधळेल! शाळेचे नाव सांगण्याची गरज नाही. असा सल्ला पणजीतही मिळतो आणि पुण्यातही.

मूल खरेच गोंधळते का? व्हँकुव्हरच्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आपल्या फार जवळचा आहे, कारण त्यात त्यांनी हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ वापरले होते. इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हे दोन वर्ण वेगळे ऐकू येत होते. वर्षाच्या आतबाहेर पोचलेल्या बाळांना मात्र ते जवळजवळ सारखेच वाटू लागले. त्यांच्या घरी या भेदाला काही अर्थ नव्हता, म्हणून मेंदूने तो सोडून दिला. म्हणजे जन्मतः आपला कान जगातल्या कुठल्याही भाषेला तयार असतो. पहिल्या वर्षातच तो घरात जे ऐकू येते ते ठेवतो आणि बाकीचे कमी करत जातो.

आता सुरतेकडे पाहा. सुरती बोलीत ‘ट’ आणि ‘त’ यांची अदलाबदल होते, यावर बाकीचे गुजराती लोक विनोद करतात. ‘तमे’चे ‘टमे’ होते. त्याच गल्लीत वाढणारे खानदेशी घरातले मूल दोन्ही ऐकते. शेजारणीशी बोलताना तिची लकब उचलते आणि घरी आले की ‘ताट’ आणि ‘टाट’ यांत चूक करत नाही. हे त्याला कुणी शिकवलेले नसते. कान आपोआप शिकतो. अट एवढीच की कानावर पडणारे शब्द जिवंत माणसाने, त्या मुलाशी बोलताना उच्चारलेले असावेत.

मराठीत याहून बारीक उदाहरण आहे. ‘चार’ आणि ‘चारा’. अक्षर एकच, उच्चार दोन. ‘चार पेंढ्या चारा’ हे पुस्तकात वाचून कुणालाही कळणार नाही की पहिला ‘च’ वेगळा आणि दुसरा वेगळा. आपल्या कोकणीतही हे दोन्ही ‘च’ आहेत, म्हणून आपल्याला ते सहज साधतात. गुजरातीत हा भेद नाही. त्यामुळे ज्या घरांनी मराठी बोलणे सोडले, तिथली मुले मराठी वाचतीलही, पण ‘चांगला’ म्हणताना पहिल्या अक्षरालाच अडतील. घराने जे दिले नाही ते पाठ्यपुस्तक देऊ शकत नाही, कारण ते पाठ्यपुस्तकात छापलेलेच नाही.

पण अनेक भाषा एका डोक्यात राहतात कशा? पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी १८६१ साली एका रुग्णाच्या मेंदूची तपासणी केली. त्या माणसाला बोललेले कळत असे, पण तोंडून जवळजवळ ‘टॅन’ एवढेच निघे. त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा पुढचा भाग बिघडलेला निघाला. १८७४ साली कार्ल वेर्निके यांनी डावीकडचाच, पण कानाजवळचा भाग दाखवला. तिथे इजा झालेली माणसे घडाघडा बोलत, पण अर्थाचा पत्ता नसे. त्यावरून बरेच दिवस असे चित्र होते की मेंदूत भाषेची दोन-चार ठाणी आहेत. आता कळते की ती ठाणी कमी आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा जास्त आहेत. १९९७ साली न्यूयॉर्कच्या काही संशोधकांनी द्विभाषिकांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली. लहानपणापासून दोन भाषा बोलणाऱ्यांच्या ब्रोकाच्या भागात दोन्ही भाषा एकाच जागी उमटल्या, मोठेपणी दुसरी शिकलेल्यांच्या शेजारी-शेजारी. पुढच्या संशोधनाने त्यात भर घातली की वयाइतकेच महत्त्व भाषा किती येते आणि किती वापरली जाते यालाही आहे.

थोडक्यात, मेंदू म्हणजे काही फडताळ नव्हे, की एक भाषा ठेवायला दुसरी काढावी लागेल. दोन्ही भाषा एकाच वेळी जाग्या असतात आणि मेंदू नको असलेलीला क्षणभर गप्प बसवतो. गोवेकराला हे समजावून सांगायला नको. ‘नुस्तें’ म्हटले की आपल्या तोंडाला पाणी सुटते आणि ‘नुसते’ वाचले की ‘केवळ’ हा अर्थ लागतो. मराठी पुस्तकात ‘नुसता भात’ वाचून कुणा गोवेकराला मासळी आठवली असे होत नाही. आठवलीच तर तो हसतो आणि पुढे वाचतो. सुरतेतल्या मराठी सुनेची गंमत याहून वरची. गुजरातीत ‘नवरो’ म्हणजे रिकामा, काम नसलेला! पहिल्या महिन्यात ती दचकते आणि दुसऱ्या महिन्यापासून त्यावर विनोद करू लागते. यालाच संशोधक मेंदूचा व्यायाम म्हणतात.

या व्यायामाचा उपयोग किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. पण आपल्या देशातली एक पाहणी मला मोलाची वाटते. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली आणि २०१३ साली प्रसिद्ध केली. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत रोगाची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली होती. निरक्षरांतही हा फरक होता. म्हणजे जे पदरात पडले ते शाळेमुळे नव्हे. बाजारात, शेजारात, चुलीपाशी चार भाषा बोलल्यामुळे. अहिराणी बोलणारी, गुजराती समजणारी, हिंदीत भाव करणारी उधन्याची आजी स्वतःला अडाणी म्हणवते. तिच्या मेंदूने केलेले काम पाहिले तर अडाणी कोण, हा प्रश्न पडावा.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग पहिलीपासून वाटेल तेवढ्या भाषा लादायला हरकत नाही! हरकत आहे, आणि तीच माझ्या म्हणण्याची दुसरी बाजू आहे. बोलणे आणि वाचणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. माणूस बोलतो आहे कित्येक हजार पिढ्या. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची. वाचण्यासाठी मेंदूत जन्मतः जागा नसते. वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागातून ती अक्षरांसाठी काढून घ्यावी लागते. स्टॅनिस्लास देहान आणि सहकाऱ्यांनी २०१० साली पोर्तुगाल आणि ब्राझीलमधल्या ६३ प्रौढांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत साक्षर होते, निरक्षर होते आणि मोठेपणी वाचायला शिकलेलेही होते. वाचता येणाऱ्यांच्या मेंदूत अक्षरांना प्रतिसाद देणारी जागा तयार झालेली दिसली. मोठेपणी शिकलेल्यांतही हा बदल होता. पण तो आपोआप होत नाही. त्याला शिक्षक, फळा, सराव आणि वेळ लागतो. देवनागरीत तर ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्याला आधी दिसते आणि कानाला नंतर ऐकू येते. मात्रा वर, उकार खाली, जोडाक्षर आडवे नाहीतर उभे. ही सगळी नजर बसावी लागते.

म्हणून मला वाटते, ओझे भाषांचे नसते. न कळणाऱ्या भाषेत पहिल्यांदा अक्षरे गिरवावी लागतात, त्याचे ओझे असते. ज्या शब्दाचा आवाज कानात नाही, तो डोळ्याने वाचून मुलाला काय कळणार? मुलाने पहिली लिपी अशा भाषेत शिकावी जी त्याच्या कानात आधीच भरलेली आहे. एकदा एक लिपी नीट बसली की दुसरीला वेळ लागत नाही. देवनागरी वाचणाऱ्याला गुजराती पाटी अर्धीअधिक ओळखीची वाटते. डोक्यावरची रेघ नाही एवढेच. गुजरात सरकारने २०२३ साली कायदा करून पहिली ते आठवी सर्व शाळांत गुजराती शिकवणे सक्तीचे केले. मराठी माध्यमातल्या सुरतकर मुलाला ते जड जाऊ नये. गुजराती त्याच्या कानात गल्लीनेच भरून ठेवलेली आहे.

मराठीचे पहिल्या दर्जाचे व्याकरण १८३६ साली देणारे दादोबा पांडुरंग पुढे सुरतेला शिक्षक म्हणून गेले आणि १८४४ साली तिथे दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली. आपल्या भाषेची बांधणी पक्की ठाऊक असलेला माणूस दुसऱ्या भाषेच्या गावात परका राहत नाही, याचे हे जुने उदाहरण.

आता आपल्या घरचे. खानदेशी माणसाची अहिराणी घरात आणि मराठी शाळेत, तशीच आपली कोकणी घरात आणि मराठी भजनात, जत्रेच्या नाटकात, वर्तमानपत्रात. अहिराणी बोलणाऱ्याला कुणी विचारत नाही की, तुझी खरी भाषा कोणती? आपल्याला मात्र १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या आधीपासून आजपर्यंत हा प्रश्न विचारला जातो आणि आपणही एकमेकांना विचारत बसतो. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले होते की, इथल्या लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावी. तीन वर्षे गेली, साडेतीनशे होत आली आणि कोकणी घराघरांत आहे. फर्मानाने घरातला आवाज थांबला नाही. पण आज आपणच मुलाशी इंग्रजीत बोलून तो थांबवतो आहोत, आणि तेही त्याच्या मेंदूची काळजी म्हणून!

खेड्यापाड्यांतल्या मराठी आणि कोकणी प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी बंद होतात तेव्हा आपण सरकारला दोष देतो. द्यावाच. डोळ्याला लागणारी शाळा चालवणे हे सरकारचे काम आहे, आणि ते सुरतेच्या नगरपालिकेला जमते तर पणजीच्या सरकारलाही जमायला हवे. पण कानाची शाळा घरात असते. तिला अनुदान लागत नाही, परिपत्रक लागत नाही आणि तिची पटसंख्या एक असली तरी ती चालते. तिथे कोकणी बोला, मराठीत गोष्ट सांगा, शेजाऱ्याची कन्नड किंवा हिंदी येत असेल तर तीही मुलाच्या कानावर पडू द्या. मेंदूची त्याला ना नाही. तो फक्त न ऐकलेले आवाज टाकून देतो, आणि पहिल्याच वर्षात टाकायला लागतो. त्या वर्षात घरातले आवाज बंद करण्याचा सल्ला देणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.