लॅपटॉप की डेस्कटॉप? आधी पंख्याचं ऐका!

दोस्तांनो, या आठवड्यात नववीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती पेटी वाजवते, धाकटा भाऊ तबला. घरीच रेकॉर्डिंग करून, त्यावर तानपुरा, झांजा चढवून दोघांना अख्खं गाणं तयार करायचंय. बाबांनी मात्र बजावलंय, "कॉम्प्युटर एकदाच घेणार. पाच वर्षं तोच वापरायचा!" मग लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप?

हे पान आई-बाबांनाही वाचायला द्या बरं का. पैसे त्यांचे जाणार आहेत!

मायक्रोफोनमधून आलेला आवाज कॉम्प्युटर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतो. हे सीडीचं माप. त्यात कुठल्याही कॉम्प्युटरला घाम फुटत नाही. खरी कसोटी पुढेच असते. ताईची पेटी हेडफोनवर ऐकत भाऊ तबला वाजवणार. त्याचा तबला कॉम्प्युटरमध्ये जाऊन परत त्याच्या कानात यायला थोडा वेळ लागतो, कारण ही मोजमापं गठ्ठ्यागठ्ठ्यानं हाताळली जातात. गठ्ठा १,०२४ चा असेल तर तो भरायलाच सेकंदाचा सुमारे ४३ वा भाग जातो. एवढासा वेळ? अहो, तेवढ्यात आवाज हवेतून जवळजवळ ८ मीटर जातो! म्हणजे आपलाच तबला कुणीतरी हॉलच्या दुसऱ्या टोकाला वाजवतंय असं भावाला वाटणार. लय हमखास बिघडते. गठ्ठा लहान केला तर प्रोसेसरला उसंत मिळत नाही. तो दमला की आवाजात टकटक, चरचर सुरू.

इथे डेस्कटॉप भाव खातो. त्याच्या डब्यात हवा खेळते, पंखे मोठे असल्यानं सावकाश फिरले तरी चालतं. लॅपटॉपच्या चपट्या अंगात उष्णता कोंडते. फार तापला की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो आणि पंखा घरघरू लागतो. माझीच फजिती सांगतो. मित्राची बासरी रेकॉर्ड करताना मायक्रोफोन लॅपटॉपशेजारीच ठेवला होता. नंतर ऐकतो तो काय, हळुवार आलापाखाली अखंड घूंऽऽऽ! तानपुऱ्याची गरजच उरली नाही. (बिनपंख्याचे लॅपटॉपही मिळतात, पण जड काम फार वेळ केलं की तेही मंदावतात.)

शिवाय डेस्कटॉपमध्ये रॅम मागाहून वाढवता येते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती आत पक्की बसवलेली असते, म्हणजे घेतानाच काय ती घ्यायची. मी तरी १६ जीबीच्या खाली जाणार नाही.

मग लॅपटॉप वाईट का? छे! ऐन रेकॉर्डिंगमध्ये वीज गेली तर तो बॅटरीवर चालत राहतो. डेस्कटॉपला त्यासाठी यूपीएस घ्यावा लागतो, तो खर्च हिशेबात धरा. आणि तुम्हाला देवळातलं भजन रेकॉर्ड करायचं असेल तर प्रश्नच मिटला. डेस्कटॉप काही काखोटीला मारून नेता येत नाही.

तेव्हा मैत्रिणी, तुम्ही दोघं घरीच वाजवणार असाल तर माझं मत डेस्कटॉपला. त्याच ताकदीचा लॅपटॉप बहुधा महाग पडतो. वाचलेल्या पैशात बरा मायक्रोफोन आणि यूएसबीनं जोडायचा ऑडिओ इंटरफेस घ्या. सगळे पैसे कॉम्प्युटरवर संपवून मायक्रोफोन साधा घेतला, तर पेटी डब्यात बसून वाजवल्यासारखी येईल. खरेदीआधी, घरात किंवा शेजारी असेल त्या कॉम्प्युटरवर 'ऑडॅसिटी' हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घालून महिनाभर हात बसवा.

एक मात्र तू पत्रात लिहिलं नाहीस. अकरावीला घरीच राहणार की शहरात वसतिगृहावर? जाणार असशील तर लॅपटॉपच घ्यावा लागेल. आणि मग तो कुणाकडे राहणार, हे भावाशी आत्ताच बोलून घे!