‘मी दमलेय’ म्हणण्याचा हक्क

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. देशभरच्या विमानतळांवर माणसे बॅगा उशाला घेऊन झोपली. त्याच दिवसांत कोल्हापुरात एका लग्नघरी पंगतीत एक काका तावातावाने म्हणाले, “या पायलट लोकांना काम नको झालंय. आमचे ट्रकवाले रात्र-रात्र गाडी ओढतात, ते कधी म्हणतात का दमलो म्हणून?” पंगतीतल्या पुरुषांनी माना डोलावल्या. वाढणाऱ्या बायका पहाटे चारपासून उभ्या होत्या. त्यांना कुणी काही विचारले नाही.

मैत्रिणींनो, हा प्रश्न विमानात बसणाऱ्यांचाच आहे असे समजू नका. कामावरची निष्ठा म्हणजे काय, आणि ती कोण ठरवते, हा तुमचा-माझाही प्रश्न आहे.

झाले होते ते असे. वैमानिकांच्या थकव्यामुळे अपघाताचा धोका वाढतो म्हणून सरकारने नियम बदलले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली. नियम एकाएकी आलेले नव्हते. पहिला टप्पा जुलै २०२५ मध्ये लागू झाला होता, दुसरा नोव्हेंबरमध्ये. त्याप्रमाणे माणसे नेमण्याची तयारी कंपनीने केली नाही. आणि गोंधळ झाल्यावर मागे कोण सरले? नियमच! कंपनीला तात्पुरती सवलत मिळाली. विश्रांती हा हक्क नसून मालकाची मेहेरबानी आहे, हेच त्यातून पुन्हा सांगितले गेले.

थकव्याची किंमत काय असते, हे आपण पाहिलेले आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून रात्री निघालेले विमान मंगळूरला उतरताना धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. १५८ माणसे गेली. मुख्य वैमानिक प्रवासात दीड तासाहून अधिक काळ झोपलेला होता, असे चौकशीत निघाले. शेजारच्या सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाऊ या, असे तीनदा सुचवले. वरिष्ठाने ऐकले नाही.

त्याच्या ३३ वर्षे आधी, मार्च १९७७ मध्ये, टेनेरिफ बेटावर दोन विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ माणसे मेली. तिथेही समोरचे विमान अजून बाजूला झाले नसावे, अशी शंका कॉकपिटमधल्या कनिष्ठाने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती उडवून लावली. अशा अपघातांनंतर विमान कंपन्या वैमानिकांना एक नवी गोष्ट शिकवू लागल्या. कनिष्ठाने न घाबरता बोलायचे आणि वरिष्ठाने ऐकून घ्यायचे.

म्हणजे चांगल्या वैमानिकाचे गुण कोणते? आपण दमलो आहोत हे कबूल करणे, शंका बोलून दाखवणे, दुसऱ्याचे ऐकणे. आपल्याकडे या गुणांना ‘बायकी’ म्हणून हिणवतात! छाती काढून ‘मी करतो, गप्प बस’ म्हणणारा तो मर्द. या मर्दानगीने किती माणसे मारली, याचा हिशेब वर दिला आहे.

आणि याच मर्दानगीच्या नावाने बायकांना विमानापासून दूर ठेवले गेले. एअर इंडियाच्या हवाईसुंदरीला पहिल्या गरोदरपणात नोकरी सोडावी लागे. तो नियम नर्गेश मिर्झा खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. पण नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करायचे नाही, ही अट त्याच निकालाने योग्य ठरवली. चारच वर्षांनी, १९८५ मध्ये, कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी निवेदिता भसीन यांच्यासह कलकत्ता-सिल्चर मार्गावर सर्व महिला कर्मचारी असलेले विमान नेले. आज देशातल्या वैमानिकांत सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत. जगाच्या सरासरीच्या हे जवळजवळ तिप्पट आहे. तेव्हा ‘बाईला जमेल का?’ हा प्रश्न आता कुणी विचारू नये.

विचारायचा प्रश्न वेगळा आहे. नियमातले ४८ तास विश्रांतीचे म्हणून मोजतात. पुरुष वैमानिक घरी येतो तेव्हा त्याला झोप मिळावी म्हणून कुणीतरी पोरांना गप्प करते, दाराची बेल वाजू देत नाही, ताट झाकून ठेवते. त्याची विश्रांती त्या बाईच्या बिनपगारी श्रमावर उभी असते. बाई वैमानिक घरी येते तेव्हा तिची वाट कोण पाहत असते? पोराचा अभ्यास, सासूचे औषध, उद्याचा डबा. कागदावर ती विश्रांती घेत असते, प्रत्यक्षात तिची दुसरी पाळी सुरू झालेली असते. मग तिच्याकडून चूक झाली तर ती थकलेल्या माणसाची चूक ठरत नाही, ‘बायकांच्या जातीची’ ठरते.

वैमानिकाच्या थकव्याला निदान कायद्यात जागा आहे, कारण तिच्या मागे दीडशे प्रवासी बसलेले असतात. आपल्या जिल्ह्यात दर हंगामाला उसाच्या फडात येणाऱ्या बाईच्या थकव्याला ती जागा कुठे आहे? तिथे एक दिवस चुकला की खाडा. खाडा पडू नये, दंड भरावा लागू नये, म्हणून बीडच्या बायकांनी गर्भाशये काढून टाकल्याचे २०१९ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने वाचले. रात्रपाळीची नर्स, इचलकरंजीच्या मागावरची कामगार, आशा सेविका, यांच्या दमण्याला आपण ‘सेवाभाव’ असे गोंडस नाव देतो आणि मोकळे होतो.

म्हणून वैमानिकांच्या विश्रांतीच्या मागणीला आपण ‘पगारदारांचे चोचले’ म्हणून नाक मुरडू नये. ती मागणी उचलावी आणि खाली फडापर्यंत आणावी. खाड्याचा दंड बंद झाला पाहिजे. रात्रपाळीनंतर सक्तीची सुट्टी मिळाली पाहिजे. आणि घरात? तिथे कोणतेही सरकार नियम करणार नाही. तिथे आपणच बोलायला हवे.

उजळाईवाडीच्या आकाशात विमान दिसले की शेतातल्या पोरी मान वर करून बघतात. त्यातली एखादी उद्या कॉकपिटमध्ये बसेल. ‘मी दमलेय, आज उडणार नाही’ असे तिला बिनदिक्कत म्हणता यायला हवे असेल, तर आज तिच्या आईला चुलीपाशी ते म्हणता आले पाहिजे.