फाडफाड इंग्रजी नको, फाडणारं इंग्रजी पाहिजे

तालुक्याच्या गावात भिंतीभिंतीवर एकच जाहिरात : तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी. आपली पोरं पैसे भरतात, महिनाभर 'हाऊ आर यू, आय अ‍ॅम फाइन' घोकतात आणि घरी येतात. कशाचं फाइन, दोस्तांनो? घरी उचलीचा हिशोब पडलाय आणि तो वाचता येत नाही.

मी जिनिंगमधला कामगार. रुई आणि सरकी वेगळी होताना रोज बघतो. इंग्रजी शिकलो ते एका हाताला डिक्शनरी, दुसऱ्या हाताला बाबासाहेबांचे खंड ठेवून. माझं म्हणणं सरळ आहे. बोलायचं इंग्रजी दुसऱ्या नंबरला. आधी कागद फाडून आत बघायचं इंग्रजी शिका. त्याचे शब्द पंधरा-वीसच आहेत. क्लेम : हा माणूस काय ठासून सांगतोय. एव्हिडन्स : त्याला आधार काय. अझम्प्शन : न बोलता काय गृहीत धरलंय. इम्प्लाय म्हणजे लिहिणारा आडून सुचवतो, इन्फर म्हणजे वाचणारा त्यातून काढतो. इथं शिकलेलेही गोंधळतात. डेफिनिशन : कुणाला आत घेतलं, कुणाला बाहेर ठेवलं. (गावकुसाबाहेर वाढलेल्याला हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही.)

"हे प्राध्यापकी चोचले कामून आणायलास?" असं आपलेच कार्यकर्ते म्हणतात. तर ऐका. 9 मे 1916. न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. बाबासाहेब 25 वर्षांचे, म्हणजे आपल्याच वयाचे. इंग्रजी त्यांचीही मायबोली नव्हती. 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध त्यांनी वाचला. त्यात सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले केतकर, चौघांच्या जातीच्या व्याख्या समोर मांडल्या. शिवी एकालाही नाही. एकेक व्याख्या उसवली, कुठं तोकडी पडते ते दाखवलं, केतकरांचं जेवढं बरं तेवढं बरं म्हटलं, आणि खालून एक शब्द वर काढला : एंडोगॅमी. जातीतल्या जातीत लग्न. आज शंभरावर वर्षं झाली, तो शब्द कुणाला खोडता आलेला नाही. पुढं 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला भाषणातला मजकूर खुपला, तर ह्या माणसानं स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला. ज्याचा बाप स्वल्पविरामासाठी अडून बसतो, त्याच्या लेकरांनी गाईड पाठ करायचं?

आता आपल्या जिल्ह्याचं बघू. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. कोयता म्हणजे दोन माणसं. इंग्रजीत त्याचं 'सिकल' केलं की दोन्ही माणसं गायब, लोखंड तेवढं उरतं. मुकादमाच्या उचलीचं इंग्रजीत होतं 'अ‍ॅडव्हान्स'. किती सभ्य शब्द! साहेबाला पगार आधी मिळाला असं वाटावं. पण 1976 चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा उघडा. दुसऱ्या कलमात व्याख्या आहेत आणि पहिलीच व्याख्या 'अ‍ॅडव्हान्स'ची आहे. वेठ कुठून सुरू होते ते कायदा लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. मुकादमालाही ठाऊक आहे. माहीत नसतं ते अंगठा देणाऱ्याला.

अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा 1989 चा. जातीवरून अपमान केला, तर तो 'विदिन पब्लिक व्ह्यू', लोकांच्या नजरेसमोर व्हायला पाहिजे, असं तिसऱ्या कलमात आहे. 'पब्लिक प्लेस' नव्हे, 'पब्लिक व्ह्यू'. जागा खासगी असली तरी लोक बघत असतील तर गुन्हा होतो, हे स्वर्णसिंग खटल्यात 2008 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं. आणि 2020 साली हितेश वर्मा खटल्यात त्याच शब्दांवर बोट ठेवलं : घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कुणी हजर नाही, तर हे कलम लागत नाही. म्हणजे फिर्यादीत शिवी लिहून भागत नाही. तो कुठं उभा होता, कोण कोण बघत होतं, हे पहिल्याच कागदात आलं पाहिजे. नाहीतर माय-माऊली आयुष्यभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार. सांगा, हे चोचले आहेत?

दुसरं भांडण शहरातून येणाऱ्या दोस्तांशी. शिबिरात येतात, 'हेजेमनी', 'डिस्कोर्स', 'सबाल्टर्न' असा मारा करतात आणि शेवटच्या एसटीनं जातात. गेवराईचं, धारूरचं पोरगं मागच्या रांगेत मान खाली घालून बसतं. अर्थ विचारायची त्याला लाज वाटते. अरे, 'हेजेमनी'वर ग्राम्शीनं मुसोलिनीच्या तुरुंगात बसून लिहिलं, तुम्ही त्या शब्दाचं जानवं करून गळ्यात घातलं! शब्द माणसाला गप्प बसवायला लागला की तो आपल्या कामाचा नाही, मग तो कितीही क्रांतिकारक असो.

आणि शब्द पारखायला आपली माणसं कच्ची आहेत, हे कुणी ठरवलं? मराठवाड्यात नामांतर मागितलं, 14 जानेवारी 1994 ला मिळाला नामविस्तार. दोन शब्दांत काय अंतर आहे ते शाळेची पायरी न चढलेली म्हातारी चुलीपुढं बसून सांगते. इंग्रजीत मात्र बहुतेकदा दोन्हींचं 'रिनेमिंग' होतं.

पुढच्या शिबिरात स्पोकन इंग्लिशचा तास ठेवायचं चाललंय. माझा विरोध आहे. त्या तासाला अ‍ॅट्रॉसिटीचं तिसरं कलम आधी इंग्रजीत वाचा, मग मराठीत. इकडून तिकडं जाताना कोणता शब्द निसटला ते पोरांना शोधू द्या, भांडू द्या. शहरवाल्यांनी त्या दिवशी मागच्या रांगेत बसावं. फळा मी घेऊन येतो.

जय भीम.