लुटारू आणि आपला संकासुर

या वेळचा विषय आहे गेममधला लुटारू. आईबाबांनी पान उलटू नये, कारण शेवटी आपण पेडण्याच्या जत्रेत पोचणार आहोत.

जग बुडाल्यानंतरची कथा सांगणाऱ्या गेममध्ये लुटारू हटकून असतात. २०१५ साली आलेल्या बेथेस्डा कंपनीच्या ‘फॉलआउट ४’मध्ये तर ते पावलोपावली भेटतात. २०७७ च्या अणुयुद्धात जग बेचिराख झालंय, कथा घडते २२८७ मध्ये, बॉस्टनच्या परिसरात. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर असा लुटारू म्हणजे एकाच साच्यातून काढलेल्या शेकडो प्रती. थोडी ताकद, एक हत्यार, चारदोन ठरलेली वाक्यं. तो येतो, ओरडतो, मरतो. आपण त्याचे खिसे तपासून पुढे जातो.

पण याच गेममध्ये रेड टुरेट नावाची एक टोळीप्रमुख आहे. (गेम खेळायचा बाकी असेल तर एवढा परिच्छेद सोडा.) मुख्य कथेशी तिचा काही संबंध नाही. तिला मारलं आणि पुढे गेलं तरी काही अडत नाही. मात्र तिथल्या कॉम्प्युटरवरच्या नोंदी वाचल्या तर कळतं, की टॉवर टॉम नावाच्या दुसऱ्या लुटारूने तिची बहीण लिली पळवून नेलीय आणि तिच्यासाठी रेड त्याला खंडणी पुरवतेय. टॉमच्या अड्ड्यावर पोचलो की पुढचं समजतं: लिली केव्हाच मेलीय. रेडला याचा पत्ताच नाही. दोन मिनिटांच्या शत्रूसाठी लेखकाने एवढं लिहून ठेवलंय!

आता आपल्याकडे या. जगबुडीच्या वेळी डाव साधणारा लुटारू आपल्या दशावतारात फार पूर्वीपासून आहे. त्याचं नाव संकासुर, म्हणजे पुराणातला शंखासुर. हा ब्रह्मदेवाचे वेद पळवतो आणि विष्णूच्या हातून मरतो. मुख्य आख्यानाआधीच्या आड-दशावतारात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव येऊन गेले की हा येतो. काळा वेश, लोंबणारी लाल जीभ. लहान मुलं आधी घाबरून आईला बिलगतात आणि थोड्याच वेळात खो-खो हसू लागतात.

कारण संकासुर बोलायला लागतो. देव शुद्ध मराठी बोलतात, हा बोलतो तेरेखोल नदीच्या दोन्ही काठांवरच्या घरांत ऐकू येणारी बोली. दशावताराला लिखित संहिता नसते, संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या सुचतात. त्यामुळे समोर कोण बसलंय, गावात काय चाललंय, हे सगळं त्याच्या बोलण्यात येऊ शकतं. शेवट ठरलेला असतो, तो मरणारच. पण मरण्याआधी मनसोक्त बोलायची मुभा त्याला असते, आणि ती बोली पुढच्या ओळीतल्या पोरांच्या कानावर पडते.

मला यातलं हेच मोलाचं वाटतं. पणजी, पुणे किंवा त्याही पलीकडे वाढणाऱ्या आपल्या मुलांना पुस्तकातली मराठी शाळेत किंवा मंडळाच्या वर्गात मिळते. आजीची बोली मिळायच्या जागा मात्र थोड्याच उरल्यात, आणि हा राक्षस त्यांपैकी एक आहे. पण बरीच मंडळी जेवणं आटोपून आख्यान सुरू व्हायच्या बेताने येतात. तोवर संकासुर येऊन, मरून, बहुधा रंग पुसून बसलेला असतो.

तेव्हा या मोसमात पेडणे-डिचोलीकडच्या एखाद्या जत्रेला जाणार असाल तर लवकर निघा आणि मुलांना पुढे बसवा. संकासुराचे जे शब्द कळले नाहीत ते त्यांना लक्षात ठेवायला सांगा आणि घरी आल्यावर आजीला विचारू द्या. एखाद्या शब्दावर आजी आधी हसेल आणि मग अर्थ सांगेल. ते शब्द आम्हालाही कळवा, पुढच्या अंकात छापू.